मिनामाताच्या नाळा

बाळाची नाळ पुरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जपानमध्ये मात्र नाळेचा तुकडा वाळवून लाकडी डबीत, बाळाच्या जन्माची आठवण म्हणून जपला जातो. या साध्या घरगुती रिवाजामुळेच एका कारखान्याच्या विषाचा हिशेब पुढे मांडता आला.

क्यूशू बेटावरील मिनामाता येथे चिस्सो कंपनीने १९३२ मध्ये ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन सुरू केले. उत्प्रेरक म्हणून पारा वापरला जाई. त्यातून उपजणारे मिथिल-पारा हे संयुग सांडपाण्यासोबत समुद्रात जाई. तेथून शिंपल्यांत, माशांत आणि अखेर कोळ्यांच्या ताटात. आधी मांजरे झटके येऊन मरू लागली, मग माणसे आजारी पडली. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी या अज्ञात विकाराची खबर आरोग्य खात्याला दिली. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला खाऊ घातले. ‘मांजर क्रमांक ४००’ला तोच आजार झाला; कंपनीने निष्कर्ष दडपला.

याच काळात त्या किनाऱ्यावर जन्मतःच लुळी, बोलू न शकणारी मुले जन्माला येत होती. पण त्यांनी मासा कुठे खाल्ला होता? वार आईच्या रक्तातील विष गर्भापर्यंत पोहोचू देत नाही, अशी तेव्हाच्या वैद्यकाची दृढ समजूत होती. म्हणून या मुलांवर ‘मेंदूचा पक्षाघात’ असा शिक्का बसला.

१९६१ मध्ये तरुण डॉक्टर मासाझुमी हारादा यांना एका घरी सारखीच लक्षणे असलेले दोन भाऊ दिसले. थोरल्याला मिनामाता रोग, धाकट्याला ‘दुसराच’ आजार, असे निदान होते. आईला ते पटत नव्हते. गरोदरपणी मासे आपण खाल्ले, तेच विष पोटातल्या बाळाला बाधले, असे तिचे म्हणणे होते. वैद्यकाच्या पुस्तकांपेक्षा ती अधिक अचूक होती! दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनानंतर १९६२ मध्ये जन्मजात मिनामाता रोगाला मान्यता मिळाली.

हे घडते कसे? मिथिल-पारा शरीरात एका अमिनो आम्लासारखे रूप धारण करतो आणि वार त्याला पोषक द्रव्य समजून गर्भाकडे पोहोचवते. बाळाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्ताहून अधिक होते. म्हणूनच कित्येक माता वरवर धडधाकट दिसत.

चिस्सोने ही प्रक्रिया मे १९६८ मध्ये बंद केली. कारखान्याचा दोष सरकारने मान्य केला तो त्यानंतर, सप्टेंबरमध्ये. उद्योगाची गरज संपेपर्यंत सत्य थांबवून धरले गेले, असेच म्हणावे लागते.

पुढे हारादांनी घरोघरी जाऊन त्या डब्या मागितल्या. वाळलेल्या नाळांतील मिथिल-पारा मोजला, तेव्हा ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन जसे वाढले, तसे त्या त्या वर्षी जन्मलेल्यांच्या नाळेतील विषही वाढलेले आढळले. ज्यांची रुग्ण म्हणून कधी नोंदच झाली नव्हती, अशांच्या नाळांतही ते होते.