थोरल्या मायची संदूक

 

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळी म्हणाली, बुवा, तुम्ही संदुकीचा इतिहास लिहा. आम्ही चौथी शिकलेले. कीर्तनात एखादा शब्द हुकला तर मागचे टाळकरी सांभाळून घेतात, कागदावर सांभाळायला कोणी नसतं. पण ती संदूक आमच्याच घरातून दिंडीला गेली, म्हणून हे काम आमच्याकडं आलं.

आधी देवाच्या घरातलं सामान पाहू. आपल्या देवाला पुंडलिकानं दिलं काय? एक वीट. तीही बसायला नाही, उभं राहायला. राउळात दुसरं सामान म्हणजे शेजघरातला पलंग. आषाढी आणि कार्तिकी जवळ आली की चांगला दिवस पाहून तो पलंग बाहेर काढतात. देवाच्या पाठीला लोड लावतात, रखुमाईच्या पाठीला तक्क्या. तिथून पुढं शेजारती होत नाही. रात्रंदिवस दर्शन चालू. लेकरं लांबून चालत आलीत, मग आपण कसं झोपावं, म्हणून देव झोप सोडतो. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात आणि मग पलंग परत शेजघरात जातो.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या पंथात लाकडाच्या वस्तूची किंमत लाकडावर नाही. ती कोणी कोणासाठी सोडली, यावर आहे. आपल्या संदुकीचा इतिहासही असाच सोडण्याचा आहे.

संदूक सगळ्यांनी पाहिलेली आहे. तरी पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवतो. लांबी अडीच हात, रुंदी सव्वा हात, उंची हातभराला थोडी जास्त. सगळी सागवानी. सागवान किनवटच्या रानातलं, असं आमची आजी सांगायची. फळीत फळी गुंतवून सांधलेली, आत लाकडी खुंट्या, लोखंडाचा खिळा नाही. चारी कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, पुढं कडी-कोयंडा. आत डाव्या हाताला एक लहान कप्पा आहे, त्यात बायका कुंकवाचा करंडा आणि डाग ठेवायच्या. आता त्यात बुक्का आणि गोपीचंदन असतं. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून वाळवी सहसा शिवत नाही. तरी दर साली वारीहून आल्यावर तिला जवसाच्या तेलाचा हात द्यायची रीत आहे. ती मोडू नये.

ही संदूक आमच्या पणजीची. तिला घरात आणि गावात थोरली माय म्हणत. लग्नात माहेरानं दिली, तीतच तिची लुगडी आली. त्या काळी आपला मुलूख निजामाच्या राज्यात. कयाधूकाठच्या कुणब्याच्या घरात सामान ते काय असणार? जातं, उखळ, उतरंड, एखादं बाजलं. जमीन पुरुषाच्या नावावर. 1956 चा वारसा कायदा यायला अजून तीस वर्षं होती. बाईचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर अंगावरचे चार डाग आणि ही संदूक. तिची किल्ली तेवढी तिच्या कमरेला असायची.

शके 1847, म्हणजे 1925 साली, आमच्या पणजोबांनी वीणा खांद्यावर घेतली आणि अकरा माणसांची दिंडी निघाली. औंढा, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशी वाट. वीस-बावीस दिवसांची चाल. गाथा आणि ज्ञानेश्वरी धोतराच्या फडक्यात बांधून डोक्यावर घ्यायची. पहिल्याच साली बालाघाटात पावसानं गाठलं. ज्ञानेश्वरीची पानं भिजून एकमेकांना चिकटली. माणसं पंढरीला पोचली, पण ज्ञानेश्वरी वाचता येईना.

दिंडी परत आली. पणजोबा ओसरीवर बसून एकेक पान सोडवत होते, पानं फाटत होती. थोरल्या मायनं ते पाहिलं. ती आत गेली, संदुकीतली लुगडी काढून मडक्यात भरली, कप्प्यातला करंडा देवळीत ठेवला आणि रिकामी संदूक ओसरीवर आणून ठेवली. म्हणाली, "पोथ्या हिच्यात ठिवा. माझ्या लुगड्याला मडकं चालतं." एवढंच बोलली. हे आजीनं आम्हाला सांगितलं, आजीला तिच्या सासूनं, म्हणजे थोरल्या मायनंच. दुसऱ्या सालापासून संदूक बैलगाडीत बसून पंढरीला जाऊ लागली. थोरल्या मायला मात्र वारी घडली नाही. माणसं वारीला गेली की पेरणी, ढोरं आणि लेकरं तिच्याच गळ्यात. तिची संदूक गेली, ती गेली नाही.

त्या संदुकीनं पुढं राज्यं बदलताना पाहिली. 1948 च्या आधी रझाकारांचा काळ आला. कित्येक घरं जीव मुठीत धरून वऱ्हाडाच्या हद्दीत गेली. उमरखेडला लढणाऱ्यांचं शिबिर होतं. दिंडी काढायची सोय राहिली नाही. गावात झडती झाली तर पोथ्यांचं काय होईल, ही भीती. तेव्हा आमच्या शेजारी एक मुसलमान घर होतं. त्या शेजाऱ्यानं संदूक रातोरात आपल्या अंगणातल्या कोरड्या पेवात उतरवली आणि वर आपला कडबा रचला. पुढं भादव्यात, 17 सप्टेंबर 1948 ला, निजामानं हत्यार ठेवलं. मग भीतीचं तोंड फिरलं. आता त्या शेजाऱ्याच्या घराला रात्रीची झोप येईना. थोरल्या मायनं संदूक परत आणवली ती रिकामी नाही. पोथ्यांच्या खाली त्याच्या लेकीच्या लग्नासाठी घेतलेले कपडे आणि चार चांदीचे डाग होते. दोन महिने ते आमच्या माळवदाखाली राहिले. त्या पोरीचं लग्न त्याच कपड्यात झालं. पोथीच्या संदुकीत दुसऱ्या धर्माच्या घरचं ठेवू नये, असं कोणी म्हणालं असेल, तर आजीनं ते आम्हाला सांगितलं नाही.

1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला, 1 मे 1999 ला परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. संदुकीची जागा तीच, विठ्ठल मंदिरात डाव्या भिंतीला.

मग 1972 चा दुष्काळ. आम्ही तेव्हा पोरसवदा, बापासोबत खडी फोडायच्या कामावर जायचो. खायला मिलो आणि सुकडी. बैल विकले गेले. दिंडीजवळ पैका नव्हता. वाटेत माणसं जेवणार काय? जुनं सामान घेणारा एक व्यापारी गावात आला, पितळी पट्ट्यांची सागवानी संदूक पाहून भाव सांगून गेला. पंच बसले. देऊन टाकावी असं निम्म्यांचं मत. आमची आजी बाहेर पायरीशी बसली होती. तिनं हातातले चांदीचे गोठ काढले आणि बापाच्या हातात दिले. म्हणाली, "सासूनं दिलेली वस्तू सुनेच्या डोळ्यादेखत इकू नगा." त्या गोठांवर त्या सालची वारी झाली. आजीच्या हातात पुढं काचेच्या बांगड्याच राहिल्या.

नंतर बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, आता टेम्पो आहे. पोथ्यांना प्लास्टिकची पिशवी असते, पावसाची भीती नाही. 2020 साली करोनामुळं कोणीच चाललं नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकासुद्धा 30 जूनला एसटीनं पंढरीला गेल्या. त्या साली आपली संदूक मंदिरातच राहिली. आम्ही पाच-सहा माणसांनी वीणा घेऊन तिच्याभोवती हरिपाठ म्हटला.

आता मुद्द्याचं. शताब्दीनिमित्त संदुकीवर पितळी पाटी बसवायची आहे. सध्या झाकणावर तेलरंगानं आमच्या पणजोबांचं नाव आहे, पुढं "यांजकडून दिंडीस सप्रेम भेट". हा रंग 1960 नंतर कधीतरी दिला गेला. पणजोबांनी वीणा वाहिली, त्यांचं नाव वीणेवर असावं. संदूक त्यांची नव्हती. जिची होती तिचं नाव घालायला पाहिजे.

पण नाव काय घालणार? आम्ही खूप शोधलं. भावकीत विचारलं, सगळे थोरली मायच म्हणतात. तिच्या माहेरी गेलो, तिथं तिसऱ्या पिढीला आत्याबाईंचं घर एवढं माहीत, नाव नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबा, त्यांचे भाऊ, त्यांची लेकरं, सगळी पुरुषांची नावं. 2023 साली मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, घरोघर उर्दू आणि मोडीचे कागद बाहेर आले. आमच्याही पणजोबांचं नाव एका कागदावर मिळालं. थोरल्या मायचं कुठंच नाही. जिच्या लाकडात शंभर वर्षं ज्ञानेश्वरी राहिली, तिचं नाव शंभर वर्षांत पुसून गेलं.

इथं आम्हाला आपल्या नर्सीची आठवण होते. नामदेवरायांचा जन्म 1270 सालचा, साडेसातशे वर्षं झाली. त्यांच्या बापाचं नाव दामाशेटी आपल्याला ठाऊक, तसंच आईचं नाव गोणाई. बायको राजाई. लेक लिंबाई. नारा, विठा, गोंदा, महादा या चार लेकांच्या बायका लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. घरात राबणारी जनाबाई, आपल्या वाटेवरच्या गंगाखेडची. तिचं तर नुसतं नाव नाही, अभंग राहिले. चोखोबांच्या घरची सोयराबाई आणि निर्मळा, त्यांचंही तसंच. शिंप्याचं घर, गावकुसाबाहेरचं घर, ना इनाम ना वतन. तरी सुनांची नावंसुद्धा राहिली. का राहिली? त्या घरात बाया अभंगात होत्या, म्हणून राहिल्या. संतांनी सुनेचं नाव घेतलं आणि आपण सातबाऱ्याच्या मापानं माणूस मोजत बसलो. नर्सीच्या पंचक्रोशीत राहून नामदेवांच्या सुना पाठ, आणि आपल्याच पणज्या निनावी, हे बरं दिसत नाही.

काही मंडळींचं म्हणणं असं की नाव माहीत नाही तर पणजोबांचंच राहू द्या, घर तर एकच. याला आमचं उत्तर असं. घर एक होतं, पण किल्ली तिच्या कमरेला होती. देणं तिचं होतं. दुसऱ्याच्या देण्यावर आपलं नाव घालणं आपल्या मार्गात बसत नाही, मग तो दुसरा माणूस आपल्याच घरचा का असेना.

म्हणून आमची दिंडीला विनंती. पाटीवर एवढंच कोरावं: "थोरल्या मायची संदूक, शके 1847". खाली आजीचं नाव कोरावं, कारण 1972 ला संदूक तिनं राखली आणि तिचं नाव आम्हाला ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या घरच्यांना विचारून त्यांचीही एक ओळ घालावी. आमच्या पणजोबांचं नाव झाकणावरून काढायला आमची, आमच्या भावांची आणि लेकरांची संमती आहे. तशी सही आम्ही करून दिली आहे.

दुसरी विनंती सगळ्या घरांना. संदुकीत एक नवी कोरी वही ठेवली आहे. शंभर वर्षांत आपल्या दिंडीत तुळस कोणी वाहिली, पाण्याचा हंडा कोणी वाहिला, मुक्कामाला भाकरी कोणी थापल्या, आणि माणूस वारीला गेल्यावर मागं घर-रान कोणी सांभाळलं, त्या बायांची नावं तीत लिहायची आहेत. विणेकऱ्यांची आणि चोपदारांची यादी आपल्याकडं आहे, या बायांची नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारा. आमच्या गावात नव्वदीच्या पुढच्या दोन आजी आहेत, त्यांना सासूचं, आजेसासूचं नाव आठवतं. त्या गेल्या की ती नावंही जातील. नाव नुसतं "अमक्याची बायको" असं लिहू नये. तिचं स्वतःचं लिहावं, माहेरचं माहीत असेल तर तेही लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आम्हाला सांगावं, आम्ही लिहून घेऊ. आमचं अक्षर मोठं आहे, पण वाचता येतं.

आषाढीहून परतल्यावर परतवारीच्या एकादशीला आपण नर्सीला नामदेवरायांच्या दर्शनाला जातो. त्या दिवशी वही संदुकीतून काढून त्यांच्या पायाशी ठेवायची आहे. तोवर सगळ्यांनी नावं द्यावीत.

पुंडलिक वरदा हारी विठ्ठल.