कॅरेन किड : आख्ख्या तळ्यावर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञ

गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरकाचा काही अंश मूत्रावाटे सांडपाण्यात आणि तिथून नदी-तळ्यांत जातो. तिथले मासे त्यामुळे नाहीसे होऊ शकतात का? या प्रश्नाचे ठोस उत्तर मिळाले ते कॅनडाच्या पर्यावरण-विषशास्त्रज्ञ कॅरेन किड यांच्या प्रयोगातून.

सुरुवात : लाबर्ज तळ्याचे कोडे

अल्बर्टा विद्यापीठात डेव्हिड शिंडलर यांच्या मार्गदर्शनाखाली किड यांनी पीएचडीचे संशोधन केले. कॅनडाच्या युकॉन भागातील लाबर्ज तळ्यातल्या माशांत टॉक्साफीन या कीटकनाशकाचे प्रमाण फार जास्त आढळले होते. ते हवेतून दूरवरून येत होते. पण मग शेजारच्या तळ्यांतले मासे तेवढे दूषित का नव्हते?

किड आणि सहकाऱ्यांनी माशांच्या शरीरातील नायट्रोजनची समस्थानिके मोजली. त्यावरून कोण कोणाला खातो, हे समजते. लाबर्जमधील अन्नसाखळी इतर तळ्यांपेक्षा लांब निघाली. साखळीच्या प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते. यालाच जैविक विशालन म्हणतात. हे संशोधन 1995 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तळे क्रमांक 260

काचेच्या टाकीत संप्रेरक मिसळले, की नर माशांत मादीची लक्षणे दिसतात, हे आधीच माहीत होते. पण त्यामुळे निसर्गातील माशांची संख्या घटते का, हे टाकीत कळत नाही. ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्येस मात्र प्रायोगिक तळ्यांचे एक क्षेत्र आहे. तेथे 1968 पासून आख्ख्या तळ्यांवर प्रयोग केले जातात.

तेथील 260 क्रमांकाच्या तळ्यात किड यांच्या गटाने 2001 ते 2003 या तीन उन्हाळ्यांत एथिनिल एस्ट्राडायोल हे संप्रेरक सोडले. प्रमाण होते लिटरमागे 5 ते 6 नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. तुलनेसाठी संप्रेरक न मिसळलेल्या तळ्यांवरही लक्ष ठेवण्यात आले.

परिणाम लवकर दिसले. फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन तयार होऊ लागले. अंड्यातील बलकासाठी लागणारे हे प्रथिन एरवी माद्यांमध्ये बनते. काही नरांच्या वृषणात अंडपेशी दिसल्या. हा मासा अल्पायुषी असल्याने नवी पिल्ले आली नाहीत, की संख्या झपाट्याने घटते. तसेच झाले आणि ही जात तळ्यातून जवळपास नाहीशी झाली. छोटे मासे संपल्याने त्यांच्यावर जगणाऱ्या लेक ट्राऊटचीही घट झाली. म्हणजे संप्रेरकाचा फटका अन्नाच्या वाटेनेही बसला. मुख्य निष्कर्ष 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

संप्रेरक सोडणे थांबवल्यानंतर काही वर्षांत मिनोंची संख्या पूर्ववत झाली. म्हणजेच सांडपाण्यावर योग्य प्रक्रिया केली, तर झालेली हानी भरून निघू शकते.

पाण्यातला पुरावा

किड यांनी पुढे न्यू ब्रन्सविक आणि मॅकमास्टर विद्यापीठांत काम केले. अन्नसाखळीतील पारा हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे.

दरम्यान, मासे शोधण्याची एक नवी पद्धत आली आहे. मासे त्वचेच्या पेशी, बुळबुळीत स्राव आणि विष्ठा पाण्यात सोडतात. त्यांतील डीएनएला पर्यावरणीय डीएनए म्हणतात. पाण्याचा नमुना गाळून त्यावरून तळ्यात कोणत्या जाती आहेत, हे सांगता येते. याच प्रायोगिक क्षेत्रातील तळ्यांत इतर संशोधकांनी 2021 मध्ये दाखवले, की उन्हाळ्यात थंड पाण्यातील माशांचा डीएनए प्रामुख्याने खोल थरांत सापडतो. त्यामुळे नमुना कोणत्या खोलीवरून घेतला, याला महत्त्व येते.

मासा आहे की नाही, हे या पद्धतीने कळते. पण त्या नराच्या शरीरात मादीचे प्रथिन बनते आहे का, हे कळत नाही. त्यासाठी मासा तपासावाच लागतो. तळ्याची प्रकृती समजून घ्यायची, तर दोन्ही प्रकारचे पुरावे हवेत.