मुरुमाची कुळकथा

उमरगा तालुक्यातल्या मुरूम गावाच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते. मग चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला थर, त्याखाली पहारीने सुटणारा पिवळसर-तांबूस मुरूम आणि अखेरीस सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. हे एकाच दगडाचं आयुष्य आहे, फक्त शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडणारं. गावाच्या लेखी मुरूम म्हणजे पाणंद रस्त्यावर पसरायचा, घराच्या जोत्यात भरायचा माल. पृथ्वीवर जीव का तगला, या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी मात्र आकाशाआधी या थराकडे बघेन.

त्याचा मूळपुरुष काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत गेले. आजही दख्खनचा हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतर मुरूमच्या शेजारच्या किल्लारीला भूवैज्ञानिकांनी खोल छिद्र घेतलं, तेव्हा तिथे बसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. त्याखाली थोडा जुना गाळ आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक.

एवढा कठीण पाषाण कुजवला कुणी? पावसाने. थेंब पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि पाणी किंचित आम्ल होतं. मातीत मुरल्यावर मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला तोच वायू त्याला आणखी आम्ल करतो. हे पाणी खडकाच्या फटींत शिरून त्याला कडेकडेने खातं, म्हणून मुरुमाच्या खाणीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे दिसतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर निघून जातं, लोह गंजून तांबूस रंग देतं, उरलेल्याची चिकणमाती होते. मराठवाड्यात पाऊस बेताचा, म्हणून ही माती काळी, फुगणारी आणि भेगाळणारी. कोकणात धो धो पावसाने धुपून त्याच बसाल्टचा जांभा झाला.

विरघळलेला ऐवज पाण्याबरोबर वाहतो. मुरूमची बेन्नीतुरा कर्नाटकात कागिण्याला मिळते, तिथून भीमा, मग कृष्णा, मग बंगालचा उपसागर. समुद्रातले जीव त्या कॅल्शियमचे शिंपले-कवच करतात आणि मेल्यावर त्यांचा चुनखडक होतो. पावसाने हवेतून आणलेल्या वायूपैकी निम्मा कवच घडताना परत सुटतो, निम्मा दगडात अडकतो. शेतातल्या चुनखडीच्या खड्यांत याच व्यवहाराचा काही भाग समुद्रापर्यंत न जाता जागेवरच उरकलेला असतो. पुढे कोट्यवधी वर्षांनी भूपट्ट समुद्रतळाला पोटात घेतात आणि ज्वालामुखी तो वायू हवेत परत करतात.

या फेऱ्यात ग्रहाचं तापमान सांभाळायची सोय आहे, हे जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग यांनी १९८१ मध्ये मांडलं. ऊब वाढली की पाऊस वाढतो, खडक लवकर कुजतो, हवेतला वायू घटतो. थंडी वाढली की कुजणं मंदावतं आणि ज्वालामुखींचा वायू साचून ऊब परतते. तरुणपणी सूर्य आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता, तरी समुद्र कायमचे गोठले नाहीत, त्यामागे हे मोठं कारण मानलं जातं. ताऱ्यापासून योग्य अंतर लागतंच. पण नुसत्या अंतरावर अब्जावधी वर्षं निभत नाहीत. शुक्राचं पाणी गेलं, वायू दगडात बांधायला कुणी उरलं नाही, आणि आज तिथे ४६० अंशांची भट्टी आहे. मंगळावर बसाल्ट भरपूर, जुन्या चिकणमातीच्या खुणाही सापडतात. पण हवा विरळ झाली, पाणी टिकलं नाही, ज्वालामुखींची परतफेड थंडावली आणि फेरा तुटला.

दख्खनच्या खडकाने तापवणं आणि निववणं ही दोन्ही कामं केली, हे मला फार विलक्षण वाटतं. इथल्या नद्यांच्या पाण्यावरून फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये गणित मांडलं: उद्रेकांनी आधी हवेत प्रचंड कार्बन डायऑक्साइड सोडून पृथ्वी तापवली, पुढे तोच बसाल्ट कुजत राहिला आणि वायूचं प्रमाण उद्रेकापूर्वीपेक्षाही सुमारे २० टक्क्यांनी खाली आलं, पृथ्वी अर्ध्या अंशाने निवली.

या कामाला लाखो वर्षं लागतात. आपण दीडदोन शतकांत सोडलेला धूर निस्तरायला तेवढी वाट बघता येणार नाही, म्हणून आता बसाल्ट दळून शेतात पसरण्याचे प्रयोग चालू आहेत. भुकटीला पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ती लवकर विरघळते. भारतातल्या लहान शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ला २०२५ मध्ये एक्सप्राइज स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं मुख्य पारितोषिक मिळालं. मुरूमच्या चुनखडीच्या, अल्कधर्मी रानात मात्र ही भुकटी तेवढ्या झपाट्याने विरघळायची नाही. तिला आम्ल जमीन आणि भरपूर पाणी हवं, म्हणजे छत्तीसगडची किंवा कोकणातली भातखाचरं.