शेवटी बांधायचं, आधी सोडायचं

घर बदलायचं ठरलं की आमच्या आईचा एक नियम असायचा. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी बांधायचं आणि नव्या घरी सगळ्यात आधी सोडायचं. लहानपणी आम्ही तीन घरं बदलली, त्यामुळे हा नियम भावंडांना पाढ्यासारखा पाठ. एका गोणीत वातीचा स्टोव्ह, दोन पातेली, तवा, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा आणि काडेपेटी. ही गोणी टेम्पोत सर्वात शेवटी चढायची, म्हणजे उतरायची पहिली!

आदल्या दिवशी दशम्या व्हायच्या. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवलेली, म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. नव्या घरी दूध उतू घातलं की त्याच स्टोव्हवर मऊ भात, वर मेतकूट आणि तूप. सामान हलवायच्या दिवशी वडापाव मिळेल म्हणून आम्ही टपलेलो असायचो, पण तो योग कधी आला नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माहुल. चेंबूरच्या पलीकडचं, खाडीकाठचं हे कोळ्या-आगऱ्यांचं जुनं गाव. मुंबईच्या स्वयंपाकघराशी त्याचं नातं फार जवळचं आहे. इथली बर्मा शेलची रिफायनरी १९५५ मध्ये सुरू झाली आणि त्याच सुमारास कंपनी मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलिंडरचा गॅस विकू लागली. जुनी माणसं अजून गॅसला बर्शेन म्हणतात. पुढे १९७० च्या दशकात सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली आणि तिचं भारत पेट्रोलियम झालं.

याच रिफायनऱ्यांच्या शेजारी पुनर्वसनासाठी ७२ इमारती उभ्या राहिल्या. घर २२५ चौरस फुटांचं. तानसाच्या जलवाहिनीलगतच्या घाटकोपर-विद्याविहारकडच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या आणि २०१७ पासून तिथली हजारो कुटुंबं इथे पाठवली गेली. त्याआधीच, २०१५ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने माहुल-आंबापाड्यातली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोक्याची असल्याचं म्हटलं होतं. तरीही टेम्पो आलेच.

त्या वेळी मीही म्हणालो होतो, झोपडीतून पक्क्या इमारतीत गेले, डोक्यावर स्लॅब आला, मग तक्रार कसली? आता त्या वाक्याची लाज वाटते. कारण मी फक्त भिंती मोजत होतो.

भिंतींनी कुणाचं पोट भरत नाही. घरातलं जेवण चालतं ते आजूबाजूच्या माणसांवर. महिनाअखेरीला वहीत मांडून घेणारा वाणी. सकाळी दोन घरची धुणीभांडी उरकून दुपारी घरी येऊन भात टाकता येईल इतक्या अंतरावरचं काम. शाळेतून आलेल्या पोराला ताटात घालून देणारी शेजारीण. पाइपलाइनजवळच्या अनेक बायका आसपासच्या सोसायट्यांत घरकाम करत. माहुलहून तिथे जायचं तर जाण्या-येण्याचं भाडं आणि वेळ दोन्ही गेलं. अनेकींची कामं सुटली. नव्या वाण्याकडे तर उधारीच्या वहीत नावच नाही! ओटा मिळाला, पण ओट्यावर यायचं ते मागेच राहिलं.

रेशनचंही तसंच. मुंबईत रेशनिंग सुरू झालं मे १९४३ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत. तेव्हापासून कित्येक वर्षं कार्ड एका ठरावीक दुकानाला बांधलेलं असे. घर बदललं की आधी कार्ड बदलून घ्यायचं, त्यासाठी खेपा घालायच्या, तोवर खुल्या बाजारातून महाग धान्य. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना २०१९ नंतर पसरत गेली, तेव्हा कुठे ही गाठ सुटली. घर हलवणाऱ्या गरिबाच्या ताटासाठी एवढी उपयोगी दुसरी सरकारी गोष्ट मला तरी आठवत नाही.

आणि हे या भागात पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. माहुलपासून जवळच, मानखुर्दला, जनता कॉलनी होती. शहरातून हलवलेल्या लोकांचीच ती वस्ती. अणुशक्ती केंद्राच्या वसाहतीसाठी ती जागा हवी होती, म्हणून आणीबाणीत, १७ मे १९७६ ला, ती पुन्हा उठवली गेली. सुमारे ७० हजार माणसं खाडीकाठच्या दलदलीच्या जागी गेली. तीच आजची चिता कॅम्प. तारीख पुन्हा पाहा. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. ओल्या जमिनीवर कोरडी चूल कशी मांडली असेल, कुणाच्या फाइलीत ते लिहिलेलं नसणार. ते त्या घरांतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायला हवं, आणि लवकर विचारायला हवं.

माहुलचं पुढे काय झालं? लोकांनी विद्याविहारला रस्त्यावर ठिय्या दिला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की तिथे राहायची सक्ती नको, दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. निकाल चांगलाच. पण त्याचा अर्थ पुन्हा गोणी बांधणं, पुन्हा नवा वाणी, पुन्हा नवी शेजारीण.

परवा आईला फोनवर हे सगळं सांगत होतो. तिच्या नियमाचं कौतुक केलं, तर ती म्हणाली, “अरे, त्यात माझं काय? तुझे बाबा महिनाभर आधी तारीख सांगायचे.”

खरंच की! दशम्यांना आदला दिवस लागतो. उद्या आपण हलणार हे आज माहीत असावं लागतं, आणि ती तारीख आपण ठरवलेली असावी लागते. बुलडोझर दारात आला की बाई आधी पोर उचलते, मग कागदपत्रं. भाताचं पातेलं तिथेच राहतं.

असो. तुमच्यापैकी बहुतेकांनी घरं बदलली आहेत. नव्या घरात पहिल्या रात्री काय जेवलात आणि ते कुणी रांधलं, आठवतंय? जरूर कळवा. आणि सोसायटीत कुणी नवं बिऱ्हाड आलं तर पहिल्या दिवशी पोळीभाजीचा डबा घेऊन जा. चहा सगळेच विचारतात.