तराफा

पॅरिसच्या लूव्रमध्ये मोनालिसासमोर फोटो काढायला ही झुंबड असते. जवळच्याच एका दालनात सात मीटर रुंद आणि जवळपास पाच मीटर उंच असं एक चित्र आहे. 'मेद्यूजचा तराफा'. ते पूर्ण झालं १८१९ साली, तेव्हा थिओडोर जेरिको फक्त सत्तावीस वर्षांचा होता.

तर गोष्ट अशी. सेनेगलची वसाहत इंग्रजांकडून परत घ्यायला निघालेलं 'मेद्यूज' हे फ्रेंच जहाज २ जुलै १८१६ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. कप्तानाने वीसेक वर्षांत जहाज हाकलेलं नव्हतं. पण नेपोलियन गेल्यावर परतलेल्या राजाचा तो निष्ठावंत. वशिला, दुसरं काय! होड्या पुरेनात म्हणून सुमारे १४७ लोकांना लाकडं बांधून केलेल्या तराफ्यावर चढवलं. होड्यांनी तो ओढत न्यायचा असं ठरलं होतं; थोड्याच वेळात दोर सोडून दिले गेले. तेरा दिवसांनी 'आर्गस' जहाजाला तराफा सापडला तेव्हा १५ जण जिवंत होते. मधल्या दिवसांत मारामाऱ्या झाल्या, दुबळ्यांना समुद्रात ढकललं, माणसांनी माणसांचं मांस खाल्लं. कप्तानाला शिक्षा किती? तीन वर्षं कैद.

जेरिको पैसेवाल्या घरचा, घोड्यांचा वेडा. पण या बातमीने त्याला झपाटलं. वाचलेल्यांना गाठून त्याने सगळं विचारून घेतलं, 'मेद्यूज'च्या सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, इस्पितळातून मृतांचे अवयव आणून अभ्यासले. डोकं भादरून घेतलं आणि महिनोन्‌महिने स्टुडिओत कोंडून घेतलं. एका मेलेल्या माणसासाठी तरुण दलाक्रुआ मॉडेल म्हणून पालथा पडला होता, तोच पुढे फ्रेंच रोमँटिक चित्रकलेचा म्होरक्या झाला.

चित्रात सगळ्यात उंचावर उभा राहून कापड हलवणारा माणूस कृष्णवर्णीय आहे. फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपली १८४८ साली, हे लक्षात घ्या!

१८१९च्या प्रदर्शनात चित्र लागलं ते 'जहाजबुडीचं दृश्य' अशा मोघम नावाने. सुवर्णपदक मिळालं, पण सरकारने चित्र विकत घेतलं नाही. १८२० मध्ये लंडनला मात्र ते बघायला तिकीट काढून हजारो लोक आले. जानेवारी १८२४ मध्ये जेरिको गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यानंतर लूव्रने चित्र घेतलं.

मला विचार करायला लावते ती त्याची निवड. बंड, नरमांसभक्षण, सुटका, सगळ्याची रेखाटनं त्याने केली होती. शेवटी रंगवला तो क्षण, जेव्हा 'आर्गस' क्षितिजावर ठिपक्याएवढं दिसलं. प्रत्यक्षात ते तेव्हा दिसेनासं झालं आणि दोनेक तासांनी परत आलं. चित्रातल्या माणसांना हे अजून ठाऊक नाही. ते आपले जीव खाऊन कापड हलवतायत.