रिकामं सॉकेट

२०२२ च्या मार्चमध्ये आमच्या गॅलरीतल्या मनी प्लांटच्या जाळीत बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. तीन अंडी. मी लगेच कपाटातून रास्पबेरी पाय ३ काढला, त्याला जुना कॅमेरा मॉड्यूल जोडला, नवीन कार्डावर नवीन सिस्टिम टाकली आणि दर पाच मिनिटांनी फोटो काढणारी माझी २०१६ सालची स्क्रिप्ट चालू करून ऑफिसला गेलो. संध्याकाळी फोल्डर रिकामं!

पहिला संशय अर्थातच केबलवर. ती चपटी पांढरी पट्टी काढली, पुन्हा बसवली. निळी बाजू इथरनेटच्या सॉकेटकडे, चकचकीत टोकं दुसरीकडे. तीनदा केलं. चौथ्यांदा काळ्या क्लिपचं एक टोक तुटून हातात आलं. मग कधीतरी सुचलं की कमांड हाताने चालवून बघावी. उत्तर आलं, 'रास्पीस्टिल' नावाची कमांडच सापडत नाही. स्क्रिप्टमध्ये एरर कचऱ्यात टाकायची सोय मीच करून ठेवली होती, त्यामुळे बोलणार कोणाला? नवीन सिस्टिमच्या नोट्सही वाचल्या नव्हत्या. त्या रात्री वाचायला बसलो आणि वाचता वाचता बराच मागे गेलो. तीच ही गोष्ट.

सुरुवात करावी लागते केंब्रिजपासून. तिथल्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ट्रोजन रूम नावाच्या खोलीजवळ कॉफीचं एकच भांडं होतं. इतर मजल्यांवरची मंडळी जिने उतरून यायची आणि भांडं रिकामं! १९९१ मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि तो एकॉर्न आर्किमिडीजमधल्या व्हिडिओ कार्डाला जोडला. चित्र १२८ बाय १२८, काळंपांढरं, मिनिटाला तीनेकदा बदलणारं. कॉफी त्याहून हळू भरते, त्यामुळे पुरे. १९९३ मध्ये ते वेबवर आलं, जगातला पहिला वेबकॅम म्हणून गाजलं आणि २२ ऑगस्ट २००१ ला बंद झालं.

आता आर्किमिडीज म्हणजे एआरएम प्रोसेसरवर चालणारा कॉम्प्युटर. एकॉर्न केंब्रिजचीच कंपनी, आणि एआरएम तिचंच अपत्य. म्हणजे केंब्रिजमध्ये एआरएमच्या यंत्राला कॅमेरा जोडायचा उद्योग रास्पबेरी पायच्या वीस वर्षं आधी झालेला. फरक एवढाच की तेव्हा कॅमेरा तयार चित्र तारेतून पाठवत होता आणि कार्डाला ते फक्त आकड्यांत बदलायचं होतं.

पायची कथा उलटी आहे. २९ फेब्रुवारी २०१२ ला बोर्ड विक्रीला आला तेव्हा त्यावर कॅमेऱ्याचं सॉकेट होतं, पण त्यात लावायला काहीच नव्हतं! लोक विचारायचे, हे कशासाठी? सॉकेट आलं कुठून, याचं उत्तर चिपमध्ये आहे. केंब्रिजच्याच अल्फामोझेक नावाच्या छोट्या कंपनीने 'व्हिडिओकोअर' हा मल्टिमीडिया प्रोसेसर बनवला होता. २००४ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली. तुमच्यापैकी कोणाकडे नोकिया एन८ होता? २०१० च्या त्या फोनचा १२ मेगापिक्सेल कॅमेरा अजून आठवतो अनेकांना. त्यात व्हिडिओकोअरची तिसरी पिढी होती. पायच्या चिपमध्ये चौथी. ईबेन अप्टन तेव्हा ब्रॉडकॉममध्येच चिपचं काम करत होते. तर मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला म्हणून जो स्वस्त बोर्ड निघाला, त्याच्या पोटात मुळात फोनच्या जातीची, चित्रं हाताळण्यासाठी बनलेली चिप होती. एआरएमचा भाग तिथे भाडेकरू. वीज दिली की आधी व्हिडिओकोअर जागा होतो आणि मग तो एआरएमला उठवतो. कॅमेऱ्याच्या तारा चिपमधून निघतच होत्या, त्या बाहेर आणून ठेवल्या, झालं सॉकेट.

१४ मे २०१३ ला कॅमेरा आला. २५ डॉलर, ५ मेगापिक्सेल, ओम्निव्हिजनचा सेन्सर. पट्टीत पंधरा तारा. त्यांचा हिशेब मला फार आवडतो: चार जमिनीच्या, सहा म्हणजे तीन जोड्या (दोन जोड्या डेटाच्या, एक घड्याळाची), दोन सेन्सरशी हळू आवाजात बोलायला ('एक्सपोजर वाढव', 'थांब'), दोन किरकोळ कामांना आणि एक ३.३ व्होल्टची. जोड्या अशासाठी की एकीवर सिग्नल सरळ जातो, दुसरीवर उलटा, आणि पलीकडे दोघांतला फरक मोजतात. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच येतो, फरक काढला की तो नाहीसा होतो. हे सगळं मोबाईल कंपन्यांनी मिळून ठरवलेलं, सीएसआय-२ नावाने.

पण पट्टीतून जे येतं ते चित्र नसतं, आणि आर्किमिडीजहून वेगळं ते इथेच. सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग बघतो. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. कच्चा डेटा तसाच उघडला तर शेवाळलेल्या भिंतीसारखा दिसतो. राहिलेले रंग शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरायचे, ट्यूबलाइटखाली पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवायचं, भिंगामुळे काळवंडलेले कोपरे उजळायचे, प्रकाश बघून एक्सपोजर बदलायचं... फोटो खरा इथे घडतो. आणि पायमध्ये हे निर्णय घेणारं सगळं गणित व्हिडिओकोअरच्या बंद फर्मवेअरमध्ये होतं. रास्पीस्टिल म्हणजे फक्त काउंटरवरचा माणूस. आत चिठ्ठी द्यायची, बाहेर जेपेग यायचं. २०१४ च्या फेब्रुवारीत ब्रॉडकॉमने त्याच व्हिडिओकोअरच्या थ्रीडी ग्राफिक्सची कागदपत्रं खुली केली, पण कॅमेऱ्याची खोली बंदच राहिली. २०१६ मध्ये सोनीच्या सेन्सरचा ८ मेगापिक्सेल मॉड्यूल आला, त्यावर तर ओळख पटवणारी क्रिप्टो चिप होती. दुसऱ्या कोणाचा सेन्सर लावलात तर पट्टी बसेल, डेटाही येईल, पण आतलं गणित तुमच्यासाठी काम करणार नाही.

(जाता जाता: २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या पाय २ वर झेनॉन फ्लॅश मारून फोटो काढला की तो बंद पडायचा. पॉवरच्या एका उघड्या चिपवर प्रकाश पडला की ती गडबडायची. उपाय काय, तर तिच्यावर ब्लू-टॅकचा गोळा चिकटवा. कॅमेऱ्यापुढे लाजणारा कॉम्प्युटर :) )

बदल आला तो लिनक्सच्या बाजूने. २०१८ च्या अखेरीस लॉरां पिंशार आणि मंडळींनी 'लिबकॅमेरा' प्रकल्प जाहीर केला. २०२० मध्ये रास्पबेरी पायने त्यावर आधारलेली स्वतःची व्यवस्था दाखवली. चिपमधलं चित्र घडवणारं यंत्र तेच राहिलं, पण त्याला 'किती' आणि 'कसं' सांगणारं गणित बाहेर एआरएमवर आलं, उघड्या कोडमध्ये. प्रत्येक सेन्सरसाठी एक साधी टेक्स्ट फाइल, आणि ती कशी बनवायची याचं भलंमोठं मार्गदर्शक. आता दुसरा कोणी सेन्सर आणला तर तोही फाइल लिहू शकतो.

किंमत मात्र होती. २०२१ च्या नोव्हेंबरमधल्या सिस्टिममध्ये लिबकॅमेरा मुख्य झाला आणि रास्पीस्टिल गेला. जुना मार्ग हवा असेल तर मुद्दाम चालू करायचा, तोही ३२ बिटवर. २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीत ती खिडकीही बंद झाली. आठ-साडेआठ वर्षांत लोकांनी लिहिलेल्या शाळेच्या प्रॅक्टिकलच्या, हवामान केंद्रांच्या, पक्ष्यांच्या पेट्यांच्या स्क्रिप्ट, आणि पायथनमधली 'पायकॅमेरा' लायब्ररी, सगळं एका टप्प्यावर जुनं झालं. ज्यांनी हे फुकटात, हौसेने लिहिलं होतं त्यांचा राग मला कळतो. तरी माझं मत विचाराल तर फोडलं ते बरोबर फोडलं. फक्त नाव तरी तेच ठेवायचं होतं! पुढे नवीन कमांडचीही नावं बदलून 'आरपीकॅम' झाली, ते वेगळंच. पाय ५ वर तर सॉकेटच बावीस तारांचं, बारीक झालं. जुनी पट्टी तिथे बसत नाही.

असो. त्या रात्री दीड वाजता नवीन कमांड चालली. क्लिप तुटलेली होती म्हणून पट्टी चिकटपट्टीने दाबून धरली होती. घरटं कुंडीच्या सावलीत, चित्र पिवळं येत होतं. पूर्वी असता तर गप्प बसलो असतो. आता टेक्स्ट फाइल उघडली, पांढऱ्या रंगाचे आकडे थोडे हलवले, पुन्हा फोटो काढला. पानं हिरवी झाली.

सकाळी बायको म्हणाली, "अरे, तू रात्रभर टॉर्च घेऊन तिथे काय करत होतास? मादी आलीच नाहीये अजून." साडेआठला आली. त्याचा फोटो माझ्याकडे आहे, आठ वाजून पस्तीस मिनिटांचा, थोडा हललेला.