बिल रिचमंड : लंडनमधील एक परदेशी वस्ताद

मल्लविद्येच्या इतिहासात जिंकणाऱ्याचे नाव राहते. त्यास घडविणारा वस्ताद बहुधा विस्मरणात जातो. इंग्लंडातील मुष्टियुद्धाच्या इतिहासातील अशाच एका परदेशी वस्तादाची ओळख आम्ही वाचकांस करून देऊ इच्छितो.

बिल रिचमंड याचा जन्म १७६३ साली न्यूयॉर्कनजीकच्या स्टेटन बेटावर गुलामगिरीत झाला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तेथे असलेले ब्रिटिश सेनानी ह्यू पर्सी यांनी या चुणचुणीत मुलास १७७७ साली इंग्लंडात आणविले. यॉर्क येथे तो लाकूडकामाचा कसबी कारागीर झाला. रंगावरून होणाऱ्या अवहेलनेला त्याने तेथेच मुठीने उत्तर देण्यास आरंभ केला.

त्या काळी लढती उघड्या मुठींनी होत. एक मल्ल पडला की फेरी संपे. अर्ध्या मिनिटात मधल्या रेषेवर परत उभे राहता आले नाही, तर हार. रिचमंड लंडनच्या नामांकित मल्लांशी लढू लागला तो चाळिशीत. १८०५ साली टॉम क्रिब याने त्यास हरविले. पण वार चुकवून प्रतिवार करण्याचे त्याचे कौशल्य सर्वमान्य झाले. पुढे लेस्टर स्क्वेअरजवळ त्याने मद्यगृह चालविले आणि तो मुष्टियुद्ध शिकवू लागला.

१८०९ च्या सुमारास टॉम मॉलिनो हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय तरुण त्याच्याकडे आला. त्यास तयार करून रिचमंडने १८ डिसेंबर १८१० रोजी कॉप्टहॉल येथे, आता इंग्लंडचा विजेता झालेल्या क्रिबसमोर उभे केले. थंडी-पावसात तीसहून अधिक फेऱ्या झाल्या. प्रेक्षक रिंगणात घुसले, आणि अखेर क्रिब जिंकला.

या लढतीविषयी एक कथा सांगितली जाते. क्रिब वेळेत उठू शकला नाही, तेव्हा त्याच्या साथीदाराने मॉलिनोच्या मुठीत शिशाच्या गोळ्या असल्याचा कांगावा करून वेळ काढला, अशी ती कथा. आमचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले. मूळ नोंद कोणती आणि मागाहून चढविलेला मजकूर कोणता, हे पाहण्याची सवय त्यामुळे जडली. ही कथा नंतरच्या लेखनात अधिक ठळक होत गेली. तिच्यावर निकाल देणे आम्हांस धोक्याचे वाटते. परंतु त्याची गरजही नाही. पिअर्स ईगन हा समकालीन इंग्रज लेखक स्वतःच सुचवितो की, मॉलिनोच्या विजयाआड त्याचा रंग आला. स्वपक्षाविरुद्ध दिलेल्या साक्षीचे वजन अधिक असते. लढतीनंतर थोड्याच दिवसांत मॉलिनोच्या नावे वृत्तपत्रात पत्र आले. त्यात पुन्हा लढण्याचे आव्हान होते आणि रंगभेद आड येऊ नये, अशी अपेक्षाही.

मग दोष सर्वस्वी इंग्रजांचाच काय? तसे म्हणणेही न्यायाचे नाही. दुसऱ्या लढतीपूर्वी कॅप्टन बार्कली यांनी क्रिबला स्कॉटलंडात नेऊन चालणे व आहार यांची कडक शिस्त लावली. मॉलिनो मात्र पैशांसाठी गावोगाव प्रदर्शने करीत फिरला. २८ सप्टेंबर १८११ रोजी थिसलटन गॅप येथे त्याचा जबडा मोडला आणि अकराव्या फेरीअखेर सारे आटोपले. गुरुशिष्यांची फारकत झाली. १८१८ साली मॉलिनो आयर्लंडमधील गॉलवे येथे विपन्नावस्थेत वारला. वस्ताद आणि व्यवस्थापक ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असली, की शिष्याच्या शरीरापेक्षा मिळकतीकडे लक्ष जाण्याचा धोका असतो. रिचमंड त्यातून सुटला नाही, असे आमचे मत आहे. तथापि बार्कलींसारखा धनवान पाठीराखा त्यास लाभला नव्हता, हेही त्याच कागदावर नोंदविले पाहिजे.

रिचमंड पुढेही शिकवीत राहिला. १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकप्रसंगी बंदोबस्तास नेमलेल्या मुष्टियोद्ध्यांत तो होता. डिसेंबर १८२९ मध्ये तो निवर्तला. आयुष्याची अखेरची संध्याकाळ त्याने जुना प्रतिस्पर्धी क्रिब याच्या सोबतीत घालविली होती. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १८३३ साली झाला. लंडनमधील क्रिबच्या नावाच्या मद्यगृहात रिचमंडचे स्मृतिचिन्ह बसले, ते २०१५ साली.